फळ्यावरचा खाडा

बुधवारी सकाळी माझा नवरा गेला. सात वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी तसं सांगितलं. त्या दिवशी चौकातल्या फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही.

आमच्या नारायण पेठेतल्या चौकात मंडळाचा एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी एक सुविचार असतो. एकोणीस वर्षं तो माझा नवरा लिहीत होता. तो शाळेत गणित शिकवायचा. निवृत्तीनंतरही साडेसातच्या आत फळा लिहून व्हायचा, कारण पावणेआठला तिथे हिंजवडीची कंपनीची बस येते आणि बसची वाट बघणारे तेवढ्या वेळात तो वाचतात.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मंडळाचा अध्यक्ष घरी आला. तिशीतला मुलगा, त्याच बसनं जाणारा. चहा घेतला, फोटोला नमस्कार केला, मग म्हणाला, "काकू, फळा रिकामाच आहे. कार्यकारिणीत विषय निघालाय. तिथे फ्लेक्सची चौकट लावू म्हणतायत. वाढदिवसांच्या शुभेच्छा वगैरे."

"मी लिहीन," मी म्हणाले. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"रोज?"

"रोज."

त्यानं जरा विचार केला. "एक महिना बघू. पण काकू, एक जरी खाडा झाला तरी मला त्यांना थांबवता येणार नाही."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. लोकांच्या देखत काही करायची मला सवय नाही. पहिल्या सकाळी पाठीमागे चार माणसं उभी आहेत एवढ्यानंच माझी ओळ उजवीकडे उतरत गेली. मजकूर मी त्याच्या वह्यांतून घेतला. अशा सतरा वह्या आहेत. पाच दिवस निभावलं. सहाव्या दिवशी शेजारच्या इमारतीतले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन थांबले. फळ्यावरचा रोजचा मजकूर तारखेसह उतरवून घेण्याचा त्यांचा नेम आहे.

"वहिनी, हा गेल्या श्रावणात झालाय."

"तुमच्या लक्षात आहे?"

"लक्षात कशाला, लिहून ठेवलंय. या पेठेत फळा वाचणारे मोजके, पण चूक काढायला सगळे मोकळे." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "आणि सर आदल्या दिवशी केलेलंच लिहायचे, मला त्यांनीच सांगितलेलं. हे तुम्ही काल केलंत का?"

मी घरी येऊन वह्या पुन्हा उघडल्या. उघडेन त्या पानावर ओळीपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी उतरवताना सोडून देत होते. 'चूक कबूल केल्यानं वर्ग हातातून जात नाही.' पुढे: 'नववी ब. उदाहरण माझंच चुकलं होतं. सांगितलं.' 'ज्याला काम सांगायचं त्याला आधी बसायला सांगावं.' पुढे: 'शिपाई. खुर्ची दिली.' तो एकोणीस वर्षं फळा लिहीत होता, आणि एका घरात राहून मला हा नियम माहीत नव्हता. मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून वह्या बंद केल्या. आता रोज काहीतरी करणं भाग होतं. मृत्यूच्या दाखल्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात गेले, तीन खिडक्या फिरले, चौथ्या खिडकीवर काम झालं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'रांग सोडली नाही तर नंबर येतो.' बिबवेवाडीच्या नणंदेशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, तिला फोन केला. ती पहिली दहा मिनिटं मला बोल लावत होती. लिहिलं, 'आधी ऐकून घ्यावं, मग आपलं सांगावं.' बसची वाट बघणाऱ्या एका मुलीनं त्याचा फोटो काढला. मला बरं वाटलं, पण उद्याचं काय ते अजून ठरलेलं नव्हतं. संध्याकाळ झाली की मी दिवसभरात काय केलं ते शोधू लागायचे.

बाविसाव्या दिवशी फळा लिहून घरी आले आणि आडवी झाले, ती उठलेच नाही. दार वाजलं, उघडलं नाही. जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फळ्यापुढे उभी राहिले तेव्हा लिहायला काही नव्हतं. जुनी एखादी ओळ पाठ होती, ती लिहिता आली असती. नवी रचताही आली असती. मागे अध्यक्ष घड्याळ बघत होता. दुधाची पिशवी घेऊन बँकवालेही आले. साडेसातला दोन मिनिटं असताना मी लिहिलं, 'काल मी काहीच केलं नाही.'

मी खडू ठेवला आणि घरी आले.

रविवारी मंडळाच्या खोलीत बैठक झाली. मला बोलावलं होतं. चिटणीस म्हणाले, "हा सुविचार नाही. तेव्हा खाडा धरावा लागेल."

"माझ्याकडे तारखेसमोर मजकूर आहे," बँकवाले म्हणाले. "खाडा कसा?"

"काका, तुम्ही बँकेत होतात. कोर्टात नव्हतात," चिटणीस म्हणाले.

"म्हणूनच सांगतो. रकाना रिकामा नाही."

दोघं हसले, पण चिटणीसांनी मुद्दा सोडला नाही. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. ग्रंथालयात मी इतरांना गप्प करत आले होते.

"मला खोटं लिहिता आलं असतं," मी म्हणाले. "जुनं लिहिलं असतं तर या एकट्यांच्या लक्षात आलं असतं. तुम्हाला चौकट लावायची तर लावा. जागा मंडळाची आहे. पण खाडा झाला म्हणून लावू नका. मी त्या दिवशी आले होते."

एवढंच बोलता आलं.

अध्यक्ष म्हणाला, "आमच्या टीममध्ये रोज सकाळी प्रत्येकानं काल काय केलं ते सांगायचं असतं. मी चार वर्षं ती मीटिंग घेतोय. काहीच केलं नाही असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मीही नाही." तो चिटणीसांकडे वळला. "खाडा धरू नका. चौकट पलीकडच्या भिंतीवर लावू."

चिटणीसांनी खांदे उडवले. "लावा. तिकडे ऊन लागतं, फ्लेक्सचे रंग लवकर उडतील."

घरी येऊन मी शेवटची वही काढली. काहीच केलं नाही असा एखादा दिवस त्याच्याही वाट्याला आला असेल, तो मला बघायचा होता. तसा एकही सापडला नाही. आजारपणाच्या शेवटच्या चार महिन्यांत मात्र ओळी आहेत आणि पुढची जागा मोकळी आहे. तेव्हा तो मोठ्या मुश्किलीनं चौकापर्यंत जाऊन यायचा. त्या ओळी त्यानं कुठून आणल्या, मला माहीत नाही. मी ती वही कोणाला दाखवलेली नाही.

महिना पुरा झाला. पलीकडच्या भिंतीवर चौकट लागली आणि तीत वाढदिवस येत-जात असतात. फळा आहे. रोज सव्वासातला मी तिथे असते. काल काय केलं असं विचारणारं घरात दुसरं कोणी नाही.