चहा आणायला गेलेला मिस्त्री

लक्ष्मीकांतकाकांना कुणी हट्टी म्हटलं की मला राग येतो. हट्ट कसला, संताप होता तो! अठरा वर्षं मुरलेला.

काका इंदूरच्या एका मिलमध्ये मशीन दुरुस्तीच्या खात्यात होते. तिथली रीत अशी, की अवघड सेटिंगची वेळ आली की उस्ताद हाताखालच्यांना चहा आणायला पिटाळायचा. विद्या आपल्यापाशी राहिली की आपली नोकरी पक्की. मिलला कुलूप लागलं आणि काकांना कळलं, आपण अठरा वर्षं चहाच आणला. दुसरीकडे चाचणीला उभे राहिले की हात अडायचा. शेवटी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात अर्ध्या पगारावर लागले आणि पन्नाशीच्या तोंडावर चुकतमाकत लेथ शिकले.

चौऱ्याण्णव साली तिथल्या मालकांनी, विजयजींनी, संगणकावर चालणारं मशीन आणलं. शिकवायला पुण्याहून तीन दिवसांसाठी इंजिनिअर आला.

"लक्ष्मीकांतजी, सीखोगे सिर्फ आप," विजयजींनी बजावलं. "बाकी लोग सीखे तो सीधे पीथमपुर की बड़ी कंपनियों में भागेंगे."

"आणि मी आजारी पडलो तर, भिया?"

"तो मत पड़ो."

दुसऱ्या दिवशी मुख्य सेटिंगची वेळ आली. विजयजी दारातून ओरडले, "चलो, बाकी सब चाय ले आओ!" माल उचलायच्या कामावरचे शंतनु आणि बाकीचे तिघे किटली घेऊन वळले. काकांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी शंतनुच्या हातातली किटली हिसकावली.

"चहा मी आणतो. तुम्ही चौघं बघा. साहेब, यांना बराबर समजवा हं."

आणि पठ्ठ्या तासभर टपरीवर बसून राहिला! इंजिनिअरला कुणाला तरी शिकवणं भागच होतं. विजयजी नुसते धुमसत राहिले. हुकलेला धडा काका दुपारी शंतनुकडून शिकले, वहीत लिहून घेत.

इंजिनिअर परत गेला त्याच संध्याकाळी विजयजींनी काकांना बोलावलं. "मशीन अकेले आप चलाओगे. ये चारों अपने पुराने काम पे. मंजूर नहीं तो घर बैठो."

"शिकलेल्या माणसांना परत माल उचलायला लावू? मला नाही जमणार," काका म्हणाले आणि हत्यारांची पेटी उचलून घरी आले. घरात दुसरी कमाई नव्हती.

वसुंधराकाकूंना खात्री होती, मशीन अडेल आणि शेठ स्वतः न्यायला येईल. बड़ा गणपतीजवळची आमची सगळी गल्ली त्याच आशेवर होती. चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी शंतनु आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"काका, शेठनी मशीन आमच्या हातात दिलं. दुसरं कोणी होतंच नाही ना. दोन्ही पाळ्या चालू आहेत."

काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. "तुमच्यावाचून एक दिवससुद्धा अडलं नाही हो त्यांचं!"

"अगं, अडलं असतं तर मला लाज वाटली असती!" काका कडाडले. मग त्यांनी शंतनुची पाठ थोपटली. इतकी जोरात, की तो खोकायलाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पोलोग्राउंडच्याच दुसऱ्या एका कारखान्यात उभे होते. तिथल्या मालकाने विचारलं, पगार किती घेणार?

"ते नंतर बघू, भिया. आधी सांगा, माझ्याजवळ शिकायला माणसं किती देता?"