गावाने केलेला धूर

फाकिसोचा तोरा बघायचा तर चर्चचं विमान यायच्या दिवशी बघावा. एरवी ब्लँकेट गुंडाळून कोपऱ्यात बसणारा माणूस, पण दवाखान्याच्या रेडिओवर विमानाची वर्दी आली की सरदार व्हायचा. धावपट्टी म्हणजे काय, तर डोंगरांच्या मधल्या दरीतला गवताचा एक तुकडा. तिथली मेंढरं हाकलायची आणि टोकाला ओल्या गवताची एक शेकोटी पेटवायची, म्हणजे वारा कुठला ते पायलटला वरून कळतं. हे काम त्याचं, दुसऱ्या कुणाचं नाही. "धूर नाही, तर विमान नाही!" हे त्याने इतक्यांदा ऐकवलेलं की गावाचे कान किटले होते.

"मग पायलट कशाला हवा, न्ताते? तुम्हीच फुंकर मारून उतरवा की," शेजारची ममोसा म्हणायची. न्ताते म्हणजे आमच्याकडे बाबा, कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हणतात. तो खूश होऊन हसायचा.

त्या हिवाळ्यात त्याची एकुलती एक लेक दिसेबो पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. बाळ आडवं होतं. नर्स म्हणाली, "न्ताते, माझ्या हातात आता काही नाही. आज मोठ्या इस्पितळात पोचली तर वाचेल." खिंडीत बर्फ पडलेला, घोडा जाईना. उरलं विमान. पायलटने अंधार पडायच्या आत येतो म्हणून कळवलं.

दिसेबो कळा सोसता सोसता बापाला म्हणाली, "धूर नीट करा हं, न्ताते. आज तुमची परीक्षा आहे." एवढं बोलून ती ओठ चावून पडून राहिली.

फाकिसो धावत सुटला. मेंढरं हाकलली, शेकोटी पेटवली. वारा अजिबात नव्हता, थंडीने हवा गोठून बसलेली. धूर सरळ वर चढला तसा त्याला धीर आला. मग त्याने मागे वळून पाहिलं.

गावात प्रत्येक अंगणातून धूर निघत होता.

आमच्याकडे एकाच्या शेतात काम निघालं की अख्खं गाव न बोलावता राबायला येतं. तशीच ही माणसं आली होती. फाकिसोच्या लेकीचा प्रश्न, तिथे एका शेकोटीने काय भागणार? कुणी शेणी आणल्या, कुणी छपराचं ओलं गवत उपसलं. आता काय म्हणावं यांना! देवा रे, शिव्या तरी कुठल्या तोंडाने घालायच्या?

"विझवा! अरे विझवा मेल्यांनो, त्याला जमीन दिसायची नाही!" फाकिसो दारोदार ओरडत पळाला. ममोसा काळ्या हातांनी समोर आली. "अहो, दिसेबोसाठीच केलं ना!" मग तीही घाबरली. बायकांनी घागरी ओतल्या, तर शेणी आणखीच धुमसल्या. फाकिसो अंगावरच्या ब्लँकेटने शेकोट्या झोडपत सुटला. वारा नाही, एवढा धूर विरून जाईना, दरीवर झाकणासारखा बसून राहिला.

वर विमानाचा आवाज आला. एक घिरटी झाली, दुसरी झाली. सगळं गाव माना वर करून उभं होतं, पण दिसत कुणालाच काही नव्हतं. मग आवाज खिंडीकडे सरकला आणि बारीक होत गेला.  नर्स फाकिसोकडे धावत आली, म्हणाली, "उजाडल्यावर परत येतो म्हणालाय."  

पहाटेपूर्वी दिसेबो गेली, पोटातल्या बाळासकट. नर्सने कळवायच्या आत विमान निघालेलं होतं.

उजाडल्यावर विमानाचा आवाज आला तसा फाकिसो सवयीने उठला, मेंढरं हाकलली, एक शेकोटी पेटवली. विमान अलगद उतरलं. आभाळ लख्ख होतं. त्या कडाक्याच्या थंडीत गावातल्या एकाही घराची चूल पेटली नव्हती. पोरांनी शिळी थंडगार लापशी खाल्ली होती.

ममोसा पट्टीच्या कडेला उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आज कुणीच नाही पेटवलं, न्ताते," ती म्हणाली. "कुणीच नाही."

"बरं केलंत," फाकिसो म्हणाला.