साडी बदलेपर्यंतचा पीस

गिटारची जी पहिली क्लिप मी चाचांना पाठवली, ती चाचांना गेलीच नाही. ती गेली ऑफिसच्या ग्रुपवर, जिथं सकाळी फक्त कोणत्या गोदामातून किती नमुने आले एवढंच टाकायचं असतं. मिनिटभराची क्लिप. त्यात मी एकदा चुकतो, 'आयला' म्हणतो, पुन्हा तिथंच चुकतो आणि पुन्हा 'आयला' म्हणतो. साहेबांनी खाली विचारलं, 'हा नमुना कोणत्या गावचा?' त्या दिवशी प्रयोगशाळेत जो आला तो मला 'आयला साहेब' म्हणून गेला.

मी लातूरला एका बियाण्याच्या कंपनीत आहे. ओल्या कागदात सोयाबीनचे दाणे गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडायचे, किती उगवले ते मोजायचं. ठरल्याएवढे उगवले की पोतं पास. घर नांदेडला. शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी, सोमवारी सकाळच्या बसनं परत, असं अकरा वर्षं चाललंय. बायको नांदेडच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळं ती इकडं येणार नाही आणि माझी बदली तिकडं होणार नाही. गिटार मी सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतली. या वयात लोक प्लॉट घेतात नाहीतर बीपीची गोळी सुरू करतात. गोळी माझी आधीच सुरू होती.

चाचा भेटले ते नांदेडच्या इतवारा बाजारात. मी तारा आणायला गेलो होतो. एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते माझ्या खांद्यावरच्या गिटारकडं बघून म्हणाले, "साब, उलटी टांगली. पाऊस आला तर टाकी भरंल तिची." दुकान त्यांच्या मुलाचं. ते स्वतः तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. भोकर, देगलूर, पार निजामाबादपर्यंत लग्नं, उरूस, गणपती. मग लकवा येऊन गेला. बाकी सगळं परत आलं, डाव्या हाताची दोन बोटं आली नाहीत.

त्यांच्याकडं स्वतःचा एक पीस होता. सोलो म्हणायचे नाहीत, पीस म्हणायचे. सेहेचाळीस सेकंदांचा. ऑर्केस्ट्रातल्या बाईंना दोन गाण्यांच्या मध्ये साडी बदलून यायला वेळ लागायचा, तेवढ्यात लोकांनी आरडाओरडा करू नये म्हणून चाचांनी तो बसवला होता. पुढं पुढं लोक साडीपेक्षा त्या पीसचीच वाट बघायला लागले, असं ते सांगायचे. रेकॉर्डिंग कुठंच नाही. होता तो त्यांच्या गळ्यात. ते गुणगुणायचे आणि उजव्या हातानं माझी बोटं धरून एकेका पट्टीवर दाबायचे, जणू मी इस्त्रीला आलेला शर्ट आहे.

पहिली तीस सेकंदं संथ. मग एक उडी. हात खालून एकदम गिटारच्या गळ्याच्या शेवटाला जायला पाहिजे, न बघता आणि न थांबता. तिथून पुढं सोळा सेकंदं पळापळ. चाचा म्हणायचे, "जान इस छलांग में है. यहीं सीटियाँ पडती थीं." मी रविवारी तिथं आलो की अडखळायचो. ते म्हणायचे, "जल्दी काइकू करते? बस छूट रही क्या?" सुटत तर असायचंच काही ना काही. रविवारी दुपारी बायकोसोबत बाजार, सासूबाईंना दवाखाना, कुणाची तरी वास्तुशांत. मी पाऊण तास बसायचो नि उठायचो.

म्हणून त्यांनी ठरवून दिलं: हप्ताभर लातूरला रोज हात फिरवायचा आणि शुक्रवारी पूर्ण पीस फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. जुम्म्याची नमाज झाली की ते दुकानात बसून ऐकणार. "लेकिन पूरा," ते म्हणाले. "अर्धा पीस म्हणजे पीस नाही. बाई अर्ध्या साडीत बाहेर येते का?"

लातूरला माझी खोली ज्या इमारतीत आहे तिथं माझ्याशिवाय सगळी डॉक्टर होऊ घातलेली पोरं राहतात. लातुरात निम्मी घरं तशीच. जिन्यात मालकीणबाईंनी पाटी लावली आहे, 'अभ्यास चालू आहे, चपला हातात घ्या.' चपला वाजवायची परवानगी नाही तिथं गिटार कुठून वाजणार? मी विनंती केल्यावर त्यांनी तोडगा काढला: पोरं नाष्ट्याला मेसमध्ये जातात तेव्हा वाजवा. सात ते सात पंचवीस. पंचवीस मिनिटांतली पाच तारा लावण्यात जायची. त्यात एक पोरगं डोकं दुखतंय म्हणून खोलीतच राहिलं, तर तो दिवस गेला. चौदा-चौदा तास बसणाऱ्या पोरांच्या घरात मी वीस मिनिटांचा विद्यार्थी.

ऑफिसच्या ग्रुपवरच्या त्या फजितीनंतर मी क्लिप पाठवण्याआधी ऐकायला लागलो. ऐकायला लागलो म्हणून कळलं की मी किती वाईट वाजवतो. मंगळवारी पहिली तीस सेकंदं छान जमायची, उडी चुकायची. गुरुवारी मी सरळ उडीच्या पलीकडून सुरू करायचो, तर पुढची सोळा सेकंदं झकास. प्रयोगशाळेतला एक सहकारी सगळ्यांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ करतो. त्यानं एकदा चहा पिता पिता दाखवलं, फोनवर आवाज कसा कापायचा नि कसा जोडायचा. दोन मिनिटांचं काम. त्या शुक्रवारी मी मंगळवारला गुरुवार जोडला आणि पाठवला.

चाचांचा फोन आला. नेहमी मेसेज यायचा, त्या दिवशी फोन आला. आधी मुलाला मशीन थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "हौ साब. हौ. आ गया."

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तुमची मेहनत आहे, चाचा."

पुढं तेच चालू राहिलं, साडेतीन महिने. मनाशी हिशेब सरळ होता: वेळच नाही तर माणूस काय करणार, उडी हळूहळू बसंल, तोवर म्हाताऱ्याला आनंद. वेळ कमी होता हे खरं आहे. पण त्या वीस मिनिटांत मी उडी घोटत नव्हतो हेही खरं आहे. जे येत होतं तेच पुन्हा पुन्हा वाजवत होतो, कारण ते ऐकायला मला बरं वाटायचं. रविवारी त्यांच्यासमोर बसायचंही मी टाळायला लागलो. कधी पाहुणे आले म्हणायचो, कधी बस उशिरा आली म्हणायचो.

मग त्यांनी सांगितलं की जुन्या ऑर्केस्ट्राची मंडळी वर्षातून एकदा जमते, यावेळी मला यायचं आहे.

या मंडळींची एक रीत आहे. स्टेज नाही, माइक नाही, घरची माणसं फक्त. ढोलकीवाले काका एक वही ठेवतात, त्यात प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा जुना पीस. नाव पुकारलं की त्यानं तो वाजवायचा. ज्याचा हात गेला त्यानं दुसऱ्याचा हात आणायचा; मुलगा, शागीर्द, कुणीही. तीन वर्षं वाट बघतात. तिसऱ्या वर्षीही कुणी वाजवला नाही तर त्या ओळीवर रेघ मारतात आणि तो पीस पुन्हा कधी पुकारत नाहीत. चाचांचं हे तिसरं वर्ष होतं. "बाकीच्यांची पोरं वाजवतात," ते म्हणाले. "मेरा तो शटर गिराता और घर जाता. मैंने बोल दिया, लातूर से मेरा हाथ आ रहा."

मी त्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून गावाबाहेरच्या माळावर उडी घोटली. शंभर वेळा केली असंल. दहा-बारा वेळा बसली. आमच्या प्रयोगशाळेत असं पोतं मी दारातूनच परत पाठवतो.

रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही गेलो. बायको मुद्दाम नवी साडी नेसून आली होती. तिला मी जोडाजोडीचं काही सांगितलेलं नव्हतं. शुक्रवारच्या क्लिपा ती ऐकायची आणि शाळेत मैत्रिणींना ऐकवायची. पंधरा-वीस माणसं होती. कुणी बासरी वाजवली, कुणाच्या मुलीनं अकॉर्डियन. चाचा पांढरी टोपी, अत्तर, इस्त्रीचा कुर्ता, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले. ढोलकीवाल्या काकांनी पुकारलं, "साडी बदलेपर्यंतचा पीस." सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाई नाही राहिल्या, साडी तरी आणा रे कुणाची." चाचांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि डोळे मिटले.

पहिली तीस सेकंदं मी उत्तम वाजवली. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगतोय, दुसरं सांगण्यासारखं काही नाही. उडीपाशी हात थांबला. चुकला असता तरी चाललं असतं, तो थांबला. साडेतीन महिने ज्या जागी मी फोनवर कापत आलो होतो, बोटांनी नेमकी तीच जागा धरली. मी 'सॉरी' म्हणून पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा कुणीतरी टाळी देऊन ताल धरला, मला मदत व्हावी म्हणून. पुन्हा तिथंच.

"घबराते," चाचा सगळ्यांना म्हणाले. "घर पे पूरा बजाते. रुको, मेरे पास है." त्यांनी कुर्त्याच्या खिशातून फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि टेबलावर ठेवला.

मला उठून तो फोन घेता आला असता. मी गिटारची तार पुसत बसलो.

हॉलमध्ये सगळे माना डोलवत ऐकत होते. तीस सेकंदं माझ्या खोलीतला पंखा मागं खरखरत होता, मी कधी त्याच्याकडं लक्षच दिलं नव्हतं. मग उडी आली, आणि पंखा बंद पडला. पुढची सोळा सेकंदं अगदी स्वच्छ, शांत. गुरुवारी त्या वेळेला लाईट नसायची.

ढोलकीवाले काका म्हणाले, "पंखा कुठं गेला रे?"

एक जण हसला आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला. ही सगळी कानांवर आयुष्य काढलेली माणसं. चाचांनी पुन्हा एकदा लावलं, फोन कानाजवळ धरला, शेवटपर्यंत ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही. फोन खिशात ठेवून म्हणाले, "बजाते तो वही हैं. बस, अलग-अलग दिन बजाते."

मग ढोलकीवाल्या काकांना म्हणाले, "काट दे."

"पुढच्या वर्षी बघू की, भाई."

"नक्को. सबके लिए तीन, मेरे लिए भी तीन."

काकांनी पेन काढलं. जेवताना चाचांनी स्वतःच्या हातानं माझ्या वाटीत खुबानी का मीठा वाढलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "बेटी, गोड कमी तर नाही ना?" त्यांनी मला रागवायला पाहिजे होतं. खुबानी मी सगळी खाल्ली.

घरी जाताना स्कूटीवर बायकोनं गिटार दोघांच्या मधे धरली. मी लातूरला आलो. शुक्रवारी पूर्ण पीस एका दमात, हळू, तीन ठिकाणी चुकत, पंख्यासकट रेकॉर्ड केला आणि चाचांना पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं नाही, फोनही नाही. रविवारी इतवाऱ्यात गेलो तर पायरीवर ते नव्हते. मुलगा मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "अब्बा आराम कर रहे." आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

घरी आलो. बायको ओट्याशी मेथी निवडत होती. मला कुणाला तरी पटवायचं होतं. मी म्हणालो, "दोन्ही भाग मीच वाजवले होते ना? दुसऱ्याचं चोरलं नाही काही. मग खोटं काय होतं त्यात?"

ती काड्या बाजूला करत राहिली.

"खोटं कुठं म्हणतीय मी," ती म्हणाली. "मी आपली एवढी वर्षं समजत होते, नको ते कापून उरलेलं जोडून सांगायचं, हे तुम्ही फक्त माझ्यासोबत करता."