आक्काची मनगटं

आज माझी आक्का गेली. मला रडू येत नाही, संताप येतोय.

आक्का म्हणजे माझी मोठी आत्या. वडगावची, विणकराच्या घरातली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सहा वर्षांची होती.

ऊन-वारा लागला की सूत सुकतं, तुटतं. म्हणून मागाच्या खोलीची खिडकी कायम बंद. तिथंच आजी सूत गुंडाळून कांड्या भरत बसायची, शेजारी झोळीत आक्का.

तिला अंगणात न्यायचंच नाही. पोरगी काळी पडली तर कोण करून घेणार?

चार महिन्यांची असताना डोकं घामानं भिजायचं. कवटीला मागून बोट लावलं तर मऊ लागायची.
"उष्णता हाय," घरचे म्हणाले.

वर्षाची झाली तर मनगटं जाडजूड. बरगड्यांवर ओळीनं गाठी.
आजोबा खूश. आल्यागेल्याला तिचं मनगट दाखवायचे.
"विणकराचा हात हाय बघा. मागावरचा धोटा लई जोरात मारंल."

आजारी लेकराचं कौतुक चाललं होतं. अजून अंगाची लाही होते माझ्या.

चालली उशिरा, आणि पाय वाकले. तेव्हा म्हणे नशीब.

लग्न झालं. पहिल्याच बाळंतपणात कंबरेचं हाड आड आलं, बाळ गेलं. नंतर कधी मूल झालंच नाही.
डॉक्टर म्हणाले, लहानपणी मुडदूस झाला होता. मऊ डोकं, जाड मनगट, वाकडे पाय, सगळं त्याचंच. वयाप्रमाणे खूण बदलते, एवढंच. उन्हात ठेवली असती तर बरी झाली असती.

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, रोज तेल लावून उन्हात निजवायचे. मुलगा काळा झालेला चालतो.

एकदा मी विचारलं, "आक्का, तुला राग येत न्हाय?"
"कुणावर करू गं? त्यास्नी काय कळत हुतं."
"उन्हात काळी झाली असतीस फार तर."
"व्हय की. पर पळाली असती मी."

तिच्या वाटचा राग मीच करते.

आज सकाळी तिला अंगणात ठेवलं. तोंडावर ऊन आलं, तशी एका नातेवाइकानं छत्री धरली.
मी ती हातातून काढून घेतली. लोक बघत राहिले. बघू देत.

आक्का, आता कुणी आत नेणार नाही तुला.
उन्हातनं सावकाश जा. माझा नमस्कार.