डोमाजी मास्तरांचे समुद्र

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात आलं तेव्हा मी अंगणात उकडलेलं धान वाळत घालत होते. कोपरा फाडलेला असला की कोणीतरी गेलं, एवढं कळायला कार्ड वाचावं लागत नाही. तरी वाचलं. अर्जुनीहून डोमाजी मास्तरांच्या भाच्यानं लिहिलं होतं की मामांना दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, सर्वांना कळवावे. अशा वेळी डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. मला राग आला. हातातलं दाताळं मी भिंतीवर असं आपटलं की त्याचा दांडा निघाला. सून धावत बाहेर आली, "क्या हुआ माँजी?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, एक म्हातारा निसटला." आज त्याला तीन आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मलाही कळतं. जेवढं चांगलं आहे तेवढं लिहीन. पण उरलेलं झाकून ठेवणार नाही.

माझे वडील जंगलखात्यात नाकेदार होते, म्हणून आमचं बिऱ्हाड अर्जुनीला. मुलांच्या शाळेत आम्ही तिघीच मुली, त्यातल्या दोघी चैत्र-वैशाखात लग्नं होऊन गळाल्या, मी राहिले. मास्तर तेव्हा असतील सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. उंच, सडसडीत, कोटाची एक बाही नेहमी शाईनं निळी. त्या भागात तलावाच्या मोजणीला एक इंजिनेर साहेब येऊन राहिला होता. तो गेल्यावर डाक बंगल्याच्या खानसाम्यानं त्याची रद्दी काढली, त्यात मास्तरांना नकाशांचं एक मोठं पुस्तक सापडलं. पुठ्ठा आणि पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. उरलेल्या पानांवर समुद्रच समुद्र, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत नावं. आमच्या शाळेच्या पुस्तकात 'काळा समुद्र' होतं, या पुस्तकात 'पोंटस युक्सिनस'. मास्तरांनी त्याचा जो अर्थ लावला तो आमच्याकडच्या कोणीही मास्तरानं लावला असता. ते म्हणाले, "पुस्तकातली नावं लहान लेकराईसाठी आहेत. साहेब लोक आपसात बोलतात ते खरं नाव हे आहे." झालं! त्या दिवसापासून अर्जुनीच्या शाळेत समुद्रांची खरी नावं सुरू झाली.

आणि शिकवायचे कसे ते सांगते, म्हणजे माझ्या रागात त्यांच्यावर अन्याय नको व्हायला. शाळेमागे मोठा तलाव होता. मास्तर वर्ग उचलून तलावाच्या पाळीवर न्यायचे. प्रत्येकाला काठावर एकेक जागा, आणि नकाशात त्या जागी ज्या लोकांचं नाव छापलेलं ते लोक म्हणजे आपण. मोहाच्या झाडाखाली उभे राहायचे ते सार्माती. तिरकमठा घेऊन यायचा तो गोंडाचा सोनू, तो स्किथी. पल्याड धिवरांची पोरं, ती सेरेस. मी नेहमी पाण्याच्या अगदी जवळच्या दगडावर. मास्तर ओरडायचे, "सार्माती हो, तुमच्या पुढं कोणचं पाणी?" आणि पल्याडून-अल्याडून सगळी पोरं एका दमात, "पोंटस युक्सिनस!" मग दुसऱ्या दिवशी तोच तलाव 'मारे हिर्कानुम' व्हायचा, तिसऱ्या दिवशी 'सिनुस पर्सिकुस'. उच्चार बरोबर होते की नाही देव जाणे, सांगणारं होतं कोण? मास्तरांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नाही. मी एकदा विचारलं, समुद्र कसा असतो? ते म्हणाले, "आपल्या तलावासारखाच, पण पल्याडची पाळ दिसत नाही." नवेगावचा तलाव आम्हाला माहीत होता, त्याची पल्याडची पाळ पावसाळ्यात दिसायची नाही, तेव्हा समुद्राचं आम्हाला फारसं नवल वाटलं नाही. त्या लोकांचं मात्र वाटायचं. सार्माती काय खात असतील, त्यांच्या मुली शाळेत जात असतील का... मी आईला पोळ्या लाटताना विचारायचे. आई म्हणायची, "येडी झाली का वं पोट्टी?"

मास्तरांची दुसरी एक रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. वही तपासली की चूक खोडायची, बरोबर काय ते वर लाल शाईनं लिहायचं, खाली तारीख टाकायची, सही करायची. आणि सहीखाली जागा सोडायची. त्या जागेत आम्ही 'पाहिले' असं लिहून आपलं नाव घालायचं. नाही घातलं तर वही परत. "दुरुस्ती मी केली, पण तू पाहिलीच नाही तं ते माया काय कामाची अन् तुया काय कामाची?" असं म्हणायचे. दुसऱ्या शाळेतले मास्तर याला हसायचे. पण अर्जुनीच्या शाळेत शिकलेला माणूस अजूनही कागदावर सही करण्याआधी तो वाचतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

माझं बाराव्यात लग्न ठरतच आलं होतं. मास्तर आमच्या घरी येऊन बाबांशी भांडले. भंडाऱ्याला स्कॉलरशिपची परीक्षा होती. त्यात पास झालेल्या मुलीला नागपूरच्या शाळेत घेत, राहणं-जेवण सरकारी, आणि पुढं मास्तरीण व्हायची वाट मोकळी. बाबा हट्टी, पण शब्दाचे पक्के. म्हणाले, "पास झाली तं नागपूर. नाही झाली तं वैशाखात मांडव. मंग मले काही म्हणायचं नाही, मास्तर." मास्तर म्हणाले, "मंजूर." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला नागपूर हवं होतं. इतकं हवं होतं की मी जेवताना भाताच्या ताटात बोटानं नकाशे काढायचे. गणित माझं पक्कं होतं, भाषा पक्की होती, आणि भूगोल... भूगोल तर अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्याइतका कोणाचा नसेल असं मास्तर म्हणायचे. "परीक्षेत खरी नावं लिही सगुना. वाचणाऱ्याचे डोळे पांढरे झाले पाहिजेत."

माघात शिक्षणखात्याचा मोठा साहेब दौऱ्यावर आला. डाक बंगल्यात उतरला आणि सकाळी शाळेत. मास्तरांनी भिंतीवर नकाशा टांगला, छडी ठेवली आणि मला उभं केलं. मी एकामागून एक सगळे समुद्र म्हटले, भोवतीचे लोक म्हटले. साहेबाची मिशी हलायला लागली, मग तो हसायला लागला तो थांबेचना. रुमालानं डोळे पुसले. मास्तरांशी इंग्रजीत खूप वेळ बोलला. आम्हाला काय कळणार? साहेब खूश झाला, असंच आम्हाला वाटलं, कारण त्यानं सगळ्यांना गोळ्या वाटल्या. मला दोन दिल्या. मास्तर त्याच्याबरोबर बंगल्यावर गेले, बगलेत नकाशांचं पुस्तक घेऊन, आणि दिवस मावळताना परतले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी भूगोल घेतला नाही. "गणित करा, गणित कच्चं आहे," एवढंच. मी गोळीचा रंगीत कागद पाटीला चिकटवून ठेवला होता. त्या फुशारकीत मी भंडाऱ्याला गेले. कोरा नकाशा पुढ्यात आला आणि मी भराभरा भरला. एक समुद्र सोडला नाही.

भूगोलात शून्य. बाकी सगळ्या विषयांत पास आणि भूगोलात शून्य! बाबांनी मास्तरांना बोलावून विचारलं. मास्तर ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. म्हणाले, "माया नकाशा जुना निघाला. हजारो वर्षांआधीच्या रोमन लोकांची नावं होती ते. आता तसे कोणी म्हणत नाही." बाबांनी विचारलं, "मंग आता?" मास्तर ओसरी उतरून गेले. वैशाखात मांडव पडला. मी बारा वर्षांची, नवरा बावीसचा, घर गोंदियाचं, हिंदी बोलणारं. मास्तर लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत. नवरा वाईट माणूस नव्हता, हे लिहायलाच हवं. पण त्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग, आणि मी सदतीस वर्षं धान उकडलं, वाळवलं, उकडलं, वाळवलं. चार बाळंतपणं झाली. वर्तमानपत्र यायचं ते पुड्या बांधायला. त्याचे तुकडे मी चुलीपुढं वाचायचे तर सासू म्हणायची, "बहू, चूल्हा बुझ गया."

मास्तर दर दसऱ्याला यायचे. सोनं लहानानं मोठ्याच्या घरी न्यायचं असतं. मीच अर्जुनीला जाऊन त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी गेले नाही, एकदाही नाही. मग तेच यायचे, सकाळच्या गाडीनं. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवायचे आणि ओसरीवर बसायचे. शेजारीपाजारी कुजबुजायचे, हा उलटा कारभार काय? मी चहा द्यायचे, तोंडभर बोलायचे नाही. पण मनात मी त्यांना माफ करत आणलं होतं, खरंच. मीच मला म्हणायचे, त्यांना तरी कुठं माहीत होतं? खेड्यातला मास्तर, रद्दीतलं पुस्तक. अजाणता झालं त्याला काय करणार? माणसावर राग ठेवता येतो, वाळवीवर कसा ठेवायचा?

यंदाच्या दसऱ्याला ते आले तेव्हा स्वराज्य येऊन दोन महिने झाले होते, स्टेशनावर अजून पताका लोंबत होत्या. मास्तर काठी टेकत आले. पानांबरोबर एका फडक्यात बांधलेलं तेच पुस्तक होतं.

"हे ठेव तुयापाशी."

"मले कायले? माया धान मोजायच्या कामाचं आहे का ते?"

ते हसले नाहीत. "पाहून घे सगुना. तारीख टाकली आहे." चहा अर्धाच पिऊन ते उठले. मी त्यांना फाटकापर्यंतही सोडायला गेले नाही.

दुपारी हातपाय धुऊन पुस्तक उघडलं. प्रत्येक समुद्रावरचं जुनं नाव लाल शाईनं खोडलेलं, वर मराठीत आजचं नाव. काळा समुद्र. कॅस्पियन समुद्र. इराणचं आखात. लोकांची नावं तशीच ठेवलेली, नुसती अधोरेखित. त्यांना आज काय म्हणायचं हे साहेबालाही माहीत नसावं. शेवटच्या नकाशाखाली तारीख आणि सही. तारीख सदतीस वर्षांपूर्वीच्या माघातली. साहेब आला त्याच दिवसाची.

मी ती तारीख तीनदा वाचली. परीक्षेच्या तीन आठवडे आधी या माणसाला सगळं माहीत होतं! डाक बंगल्यात बसून त्यानं एकेक नाव सुधारलं होतं, रीतीप्रमाणे सही केली होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन "गणित करा" म्हणाला होता. एका सकाळचं काम होतं. "पोरांनो, मी चुकलो, पुस्तकातलीच नावं लिहा." एवढंच. आम्ही हसलो असतो का? सार्माती आणि स्किथी आणि सेरेस, आम्ही त्यांच्यासाठी तलावात उड्या टाकल्या असत्या. साहेब हसला म्हणून त्यांचा जीव एवढासा झाला, आणि तो जीव सांभाळायला त्यांनी माझं नागपूर दिलं. मग ओसरीच्या खांबाला धरून म्हणाले, नकाशा जुना "निघाला". काल-परवा निघाल्यासारखा!

एकच प्रश्न होता माझ्याकडे. काऊन नाही सांगितलं? दुसऱ्याच दिवशी अर्जुनीची गाडी पकडून जायचं होतं. पण मी म्हटलं, थांब. मी सदतीस वर्षं थांबले, म्हाताऱ्यालाही महिनाभर झुलू दे. बसू दे दाराकडे बघत. धान कापून होऊ दे, मग जाईन आणि दारातूनच विचारीन. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ते वाक्य घेऊन मी बसले होते आणि फाटक्या कोपऱ्याचं पोस्टकार्ड आलं. आता कळतं की त्यांनी जे केलं तेच मीही केलं. एका सकाळचं काम पुढं ढकललं. हे कळून बरं वाटत नाही, उलट आणखी संताप येतो. त्यांनी मला एवढंही शिकवून ठेवावं!

परवा नातीला नकाशा दाखवला. ती इथल्या शाळेत जाते, चौथीत आहे. बोट ठेवून विचारलं, "हे कोणचं पाणी?" तिनं पटकन सांगितलं, "काळा समुद्र. आणि आजी, खाली हे खोडलेलं काय आहे? कैसा पागल जैसा नाम है!" मी तिला ते वाचून दाखवलं. माझा आवाज आपोआप तसा निघाला, तलावाच्या पाळीवरून पल्याड ऐकू जाईल असा. ती दचकली आणि मग हसत सुटली. मी तिला हसू दिलं.

पुस्तक मी देवघरात नाही, धानाच्या कोठीवर ठेवलं आहे, तिथं वाळवी लागत नाही. शेवटच्या पानावर मास्तरांच्या सहीखाली त्यांनी रीतीप्रमाणे जागा सोडली होती. सदतीस वर्षं कोरी होती ती. दर दसऱ्याला ते पानं द्यायला येत होते असं मला वाटायचं, पण ते या दोन बोटं जागेसाठी येत होते, आणि प्रत्येक वेळी पुस्तक घरी विसरल्यासारखं करून परत जात होते. काल सकाळी नातीचा टाक आणि दौत मागून घेतली. तारीख टाकली, कालचीच, मागची नाही. खाली लिहिलं, 'पाहिले. सगुना.' माफ केलं असं लिहावं का, म्हणून टाक थोडा वेळ तसाच धरला... पण तेवढी जागा त्यांनी सोडली नव्हती, आणि माझ्याकडेही नव्हती.