बत्ताशाचा रवंथ

बसा निवांत. चहा घ्या, पण घोट तोंडात धरून ऐकू नका, ठसका लागला तर माझ्या नावानं खडे फोडाल. आजवर तुमच्या सगळ्यांच्या फजित्या मी गल्लीभर वाटल्या, आज माझी ऐका. शेवंता, म्हणजे आमची म्हातारी, तिखटमीठ लावून सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो.

माझी नात सई, सहावीला. तिनं ससा पाळलाय. पांढराफेक, नाव बत्तासा. मध्यंतरी तिच्या मामाची मुरगूडला वास्तुशांत निघाली. पोरगा, सून, सई चार दिवस तिकडं. माझा गुडघा धरलेला, म्हणून मी आणि शेवंता घरात. निघताना सईनं ससा माझ्या मांडीवर ठेवला.

"आप्पा, नुसतं गवत आणि पाणी. दुसरं काय द्यायचं नाही. जरा वेगळं वाटलं तर मला फोन करायचा."

"अगं, तीस वर्षं म्हशी सांभाळल्यात मी," मी म्हटलं. "चौकात म्हस हुबी करून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढून ग्लास हातात दिलाय. ह्ये तर वीतभर जनावर."

आता चौथी नापास माणसानं एवढं बोलू नये. पण बोललो.

पहिल्या दिवशी दुपारी बत्ताशाला जुन्या गोठ्यात सोडला. म्हशी गेल्या, गोठा राहिलाय. तिथं आता पोराची मोटरसायकल बांधतो. सशानं जरा हुंगलं, इकडं पळाला, तिकडं पळाला आणि एकदम हवेत उडाला. उडाला तो उडाला, वरच्या वर कंबरेला पीळ. डोकं रंकाळ्याकडं, पाय पंचगंगेकडं. खाली आला, परत उडाला.

"शेवंते, कांदा आण," मी ओरडलो. "सशाला फेफरं आलंय."

बुक्कीनं कांदा फोडला आणि धरला त्याच्या नाकाला. सशानं दोन शिंका दिल्या, मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला आणि मोटरसायकलखाली जाऊन बसला. मी मिशीवर हात फिरवला. झटका थांबला की नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी बत्तासा उन्हाच्या कवडशात बसला होता. बसल्या बसल्या धाडदिशी आडवा झाला. पाय लांब पसरलेले, डोळे अर्धे पांढरे. मी हाक मारली, कान हलला नाही. टाळी वाजवली, काही नाही.

म्हशी मेल्या तेव्हाही रडलोय मी, पण त्या माझ्या होत्या. हा त्या पोरीचा. तिनं विश्वासानं मांडीवर ठेवलेला. तिला काय तोंड दाखवायचं?

बाबालालला बोलावलं. बाबालाल मुल्ला म्हणजे शेजारचा रिक्षावाला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. ह्याला मी एकदा सांगितलेलं की मांजरांची मोजणी करायला चौकात सरकारी माणसं येणार हायत. हा खुळा सकाळी सातला तीन मांजरं पोत्यात घालून हजर. तेव्हापासनं माझ्या शब्दावर त्याचा फारसा भरवसा नाही.

"खरंच मेलाय का मोजायला न्ह्यायचाय?" त्यानं विचारलं.

"आईशपथ मेलाय. परड्यात लिंबाखाली खड्डा काढ."

बिचाऱ्यानं घाम गाळून हातभर खड्डा काढला. मी बत्ताशाला माझ्या धुतल्या पंच्यात गुंडाळून आणला. डोळ्याला धारा. खाली ठेवणार तोवर पंच्यातनं एक कान वर आला, मग दुसरा. बत्ताशानं लांबलचक जांभई दिली आणि उतरून खड्ड्याकडेचं गवत खायला लागला.

बाबालाल कुदळीवर रेलून माझ्याकडं बघत राहिला. "आप्प्या, लेका, वय काय तुझं? ह्या उन्हात मला खड्डा काढायला लावतोस व्हय?"

देवाशपथ सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी मस्करी केली नव्हती आणि त्याच दिवशी पोटभर शिव्या खाल्ल्या.

पण डोकं माझं गप्प बसतंय होय? आधी फेफरं, मग बेशुद्धी. म्हणजे काय? अशक्तपणा. म्हशीला असं झालं की मी काय करायचो? सरकी पेंड. झालं, संध्याकाळी मूठभर पेंड भिजवली, वर भाकरी कुस्करली.

"पोरगी नुसतं गवत म्हणाली हुती," शेवंता म्हणाली.

"पोरगी सहावीत हाय."

"आन् तुमी चौथीत."

मी तिकडं दुर्लक्ष केलं. पेंड त्यानं जरा चाखली, भाकरी मात्र चाटूनपुसून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बत्तासा कोपऱ्यात अंग आखडून गप्प बसलेला. ना फेफरं, ना बेशुद्धी. डोळे अर्धे मिटलेले. पुढ्यात गवत तसंच, पण जबडा हलतोय. करकर, करकर.

तुमच्यात कुणी म्हशीवाला असंल तर त्याला कळंल मला काय वाटलं ते. म्हस रवंथ करायला लागली की मालकानं खुशाल चहा प्यायला जावं. जनावर ठणठणीत. मी बाबालालला हाताला धरून आणला.

"बघ, रवंथ. माझ्या पेंडीचा गुण."

"आजच्याला तरी कुदळ नगो न्हवं?" एवढंच म्हणाला तो.

तेवढ्यात सईचा फोन, तोंड दिसणारा. मी ऐटीत फोन बत्ताशापुढं धरला.

"आप्पा, खाल्लं का त्यानं?"

"काल पोटभर खाल्लंय, आता रवंथ चाललाय. आवाज ऐक."

ती ऐकत राहिली. तिचं तोंड बारीक होत गेलं.

"आप्पा, ससा रवंथ करत नाही."

"खुळी काय तू? चार पायाचं, गवत खाणारं, रवंथ करत न्हाई म्हंजे?"

"घोडा करतो का?"

साठ वर्षं घोडे बघतोय, कधी डोक्यातच आलं नाही.

"दात खातोय तो, आप्पा," सईचा आवाज भरून आला. "पोटात दुखतंय त्याच्या. लेंडी कधी टाकली शेवटची?"

मी शेवंताकडं बघितलं. जन्मभर शेण भरलेली बाई ती, तिच्या नजरेतनं हे सुटतंय होय? "राच्च्यापासनं एक न्हाई," ती म्हणाली. "मगाशी झाडताना सांगत हुतो, तर ह्यांचा रवंथ चाललेला."

"आत्ताच्या आत्ता राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडं न्या," सई रडत रडत म्हणाली. "उशीर झाला तर मरंल तो."

बाबालालनं लगेच रिक्षा काढली. दुरडीत बत्तासा, त्याच्यावर माझा मफलर, दुरडी माझ्या मांडीवर. बाबालाल अशी रिक्षा चालवत होता जशी काय आत काचेची बरणी ठेवलीय. प्रत्येक खड्ड्याला माझ्या हाताला बत्ताशाचे दात कळत होते. करकर. आता तो आवाज ऐकवत नव्हता.

डॉक्टरीणबाई तरणी, पण हात जाणता. पोट चाचपलं, कान लावला, दात बघितले.

"काय खायला दिलंत, आजोबा?"

"गवत," मी म्हटलं.

बाबालालनं घसा खाकरला.

"आन् पेंड. मूठभर. आन् भाकरी."

"आणखी?"

मी मफलरची घडी घालायला लागलो. बाबालाल म्हणाला, "कांदा."

"कांदा खायला दिला?"

"न्हाई, हुंगायला. फेफरं आलतं न्हवं."

"फेफरं? कसं आलं होतं?"

आता सांगता येईना, म्हणून करून दाखवलं. गुडघा धरून एक उडी, उडीत कंबरेला पीळ. बाहेर बसलेली दोन कुत्री भुंकायला लागली.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. "आजोबा, ससा खुशीत असला की असा नाचतो."

म्हणजे बघा. पोरगं आनंदानं नाचतंय आणि आज्जा त्याच्या नाकाला कांदा लावतोय.

"मग दुसऱ्या दिवशी मेला," बाबालालनं पुढचं सांगून टाकलं.

"मेला?"

"थोडा वेळ."

बाईंनी आधी हसून घेतलं, मग समजावलं. धाडकन आडवा होतो तो निवांत झालेला असतो, घरात भीती नाही म्हणून. लाडात असला की हलकेच दात वाजवतो. पण अंग आखडून, खाणं सोडून करकरा दात खातो तेव्हा दुखणं असतं. सशाचं पोट सारखं चालू राहावं लागतं, ते थांबलं की जिवावर बेततं. आणि पेंड-भाकरी त्याच्या पोटाला झेपत नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. हसत होता तेव्हा मी औषध केलं, मरत होता तेव्हा मी चहा प्यालो.

दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, पिचकारीनं भरवायला गवताची पातळ पेज दिली. "ऊब द्या, गडबड करू नका. संध्याकाळपर्यंत लेंडी आली पाहिजे. नाही आली तर लगेच घेऊन या."

मग दुपारभर गोठ्यात मी पोत्यावर बसलो. बत्ताशाला थोडी थोडी पेज. गुडघा ठणकत होता, पण उठायचा धीर नव्हता. दर अर्ध्या तासाला सईचा फोन, तिला मी "अजून न्हाई बाळा" एवढंच सांगायचो. एरवी दिवसाला दहा थापा सहज मारणारा माणूस मी, त्या दिवशी एक मारता येईना.

दिवेलागणीला करकर थांबली. बत्ताशानं अंग सैल सोडलं, गवताची एक काडी ओढली आणि मागं टपटप चार लेंड्या. हाताच्या तळव्यावर घेऊन मी गल्लीत धावलो. दार दिसंल तिथं थांबून दाखवल्या. लोकांना वाटलं म्हातारा हातात काहीतरी खोटं घेऊन आलाय, कुणी जवळ येईना. फक्त बाबालालनं चष्मा लावून मोजल्या आणि डोळे पुसले. रिक्षाचा धूर गेला म्हणाला.

चौथ्या दिवशी सई आली. मी कांद्यापासनं पेंडीपर्यंत सगळं कबूल केलं. ती बत्ताशाला पोटाशी धरून बसली. मग त्याला खाली सोडला, तर तो सरळ माझ्याकडं आला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून घासायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा.

माझे डोळे भरून आले. "बघ सई, पाया पडतोय. माफ केलं त्यानं मला."

"पाया नाही पडत, आप्पा," सई हळूच म्हणाली. "हनुवटीखाली त्याला वास असतो. जी वस्तू आपली वाटली, तिला घासून तो खूण करून ठेवतो. रोज केरसुणीला घासतो, बादलीला घासतो, आता तुम्हाला."

शेवंता दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हेऊ दे की त्याला तुमास्नी. माझं काय म्हणणं न्हाई."