सिलेखान्याच्या दारावरचा म्हातारा

त्या पहारेकऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाय. निजामाच्या सिलेखान्यातल्या बंदुका पोलीस ॲक्शननंतर सरकारनं उचलून नेल्या अन् रिकाम्या दालनात मोहल्ल्याची लग्नं लागू लागली. म्हातारा मात्र पायाला खाकी पट्ट्या गुंडाळून दारावर तसाच उभा. बायांच्या पिशवीतला अडकित्तासुद्धा जमा करून घ्यायचा.

माझं वऱ्हाड फुलंब्रीहून आलं. नवरदेव म्हणून माझ्या हातात कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं. म्हाताऱ्यानं काठी आडवी घातली.

"हत्यार अंदर जमा होगा. आदमी बाहर."

"अहो चाचा, लग्न लागेपर्यंत नवरदेवाला कट्यार सोडता येत नाय!" माझे मामा ओरडले.

"तो फिर दोनों बाहर."

मुहूर्त टळायला आला. आतून भटजी बोंबलत होते, बाहेर वाजंत्री बसकण मारून विड्या ओढत होते. शेवटी नवरीच मुंडावळ्या सावरत दारात आली.

"चाचा, ह्यांना म्यान समजा अन् कट्यारीसंगट जमा करून घ्या."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्यान लई ढिलं हाय," म्हणाला अन् काठी उचलली.

लग्न लागून आम्ही निघालो, तर पुन्हा काठी आडवी.

"जमा झालेला माल असा सुटत नाय. जिम्मा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. सगळं वऱ्हाड हसलं. मला लई राग आला होता.

ती यंदा गेली. पोरं, सुना जेवू घालतात, विचारपूस करतात. पण चार माणसांत उभं राहून माझा जिम्मा घेणारी तेवढी एकच होती.